दीडशे रुपयांचा मासा

मासा दीडशे रुपयांचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा हिशेब वाचताना त्याचा विसर पडेल.

परवा दुपारी स्वयंपाकघरातला तो एक ड्रॉवर आवरायला काढला. तो एक म्हणजे सगळ्यांच्या घरात असतो तोच. सुतळी, गॅसच्या जुन्या पावत्या, कुठल्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नसलेली किल्ली, रबरबँडांचा गुंता. त्यात माशांच्या दुकानातलं कच्चं बिल निघालं. वहीचा फाडलेला कागद, वर तिरक्या अक्षरात ‘फायटर १ – १५०’. त्याखाली आणखी दहा ओळी. टाकी झाकणासकट ८००, हीटर ४००, पंप २५०, स्पंज फिल्टर १८०, मग खडी, खाणं, झाड, थर्मामीटर, क्लोरीन मारायचं औषध, आणि ‘बदाम पान’. एकूण २,३२०. म्हणजे शंभरातले साडेसहा रुपये माशाचे, उरलेले साडेत्र्याण्णव माशाच्या अवतीभवतीचे.

टक्केवारी काढणं ही माझी खोड आहे. आयुष्य बँकेत गेलं, त्याला इलाज नाही. लग्नातल्या शालूचा दर नेसण्यामागे किती पडला हे मी एकदा काढलं होतं आणि आईला सांगितलं होतं. ती बरेच दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. तेव्हा हा कागद हातात आल्यावर ड्रॉवर तसाच राहिला आणि मी ओट्याला टेकून बेरजा-भागाकार करत बसले, हे सांगायला नको.

मुलीला खरं तर कुत्रा हवा होता. कुत्र्यावरून मांजरावर, मांजरावरून सशावर अशी उतरत उतरत वाटाघाट फायटरवर येऊन थांबली. एवढासा मासा, काचेच्या बरणीत ठेवायचा, चार दाणे टाकायचे, संपलं, अशी माझी समजूत. दुकानदाराचीही तीच. त्याच्याकडे फळीवर प्लास्टिकच्या पेल्यांची रांग होती. प्रत्येक पेल्यात एक निळा नाहीतर लाल नर, आणि दोन पेल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. शेजारी दिसला की गाल फुगवून पेल्यावर धडका देतात म्हणून. ‘‘मॅडम, याला काहीच लागत नाही. बाउलमध्ये आरामात राहतो.’’

‘‘आई, निदान वीस लिटरची टाकी लागते,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आणि फिल्टर. आणि हीटर.’’

‘‘बरोबर बोलतेय ताई,’’ दुकानदार म्हणाला. इतक्या चटकन मत बदलताना मी फक्त निवडणुकीच्या तोंडावर पाहिलंय.

हीटरवरून घरात जे झालं ते थोडक्यात सांगते. आमच्याकडे गिझर लावायचा तर आधी ‘कोण कोण जाणार आहे’ याची शिरगणती होते, आणि शेवटचा माणूस बाहेर आला की बटण बंद झालं का हे पाहायला सासूबाई जातीने जातात. त्या घरात माशासाठी हीटर. पुण्यात डिसेंबरात रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि या बाळाला २४ ते २८ अंश लागतात. मी गणित मांडलं. २५ वॉटचा हीटर, अगदी चोवीस तास चालला तरी दिवसाला पाऊण युनिटसुद्धा नाही, शिवाय पाणी पुरेसं तापलं की आपला आपण बंद होतो. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘माझ्या गुडघ्याला रबराची पिशवी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि त्याला हीटर.’’

बदामाच्या पानांचं मात्र त्यांना सांगितलंच नव्हतं. ते त्यांनी चिठ्ठीवर वाचलं. बदाम म्हणजे आपला रस्त्याकडेचा जंगली बदाम. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात एक आहे. त्याची पानं पिकली की लालभडक होऊन गाड्यांच्या टपांवर पडतात, आणि झाडणाऱ्या मावशी रोज त्या झाडाच्या नावानं बोटं मोडतात. तीच पानं वाळवून, चपटी करून, दहा-दहाची पाकिटं केली की ९० रुपये. पाण्यात टाकली की त्यातलं टॅनिन उतरतं, पाणी तांबूस आणि किंचित आम्ल होतं. हा मासा मूळचा तसल्याच पाण्यातला, त्याला ते मानवतं. दुसऱ्या खेपेला मुलीनं खालून टोपलीभर पानं वेचून आणली, धुतली, आणि गच्चीत पापडांच्या शेजारी वाळत घातली. मावशींनी विचारलं, ‘‘काय औषध आहे का?’’ आता काय सांगणार.

पाण्याचं तर सगळंच उलटं. माझ्या आईच्या घरी सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे कालचं पाणी झाडांना ओतून माठ-कळशी घासून नवं भरणं. तो हात अजून तसाच वळतो. माशाला मात्र ताजं नळाचं पाणी नको. त्यातलं क्लोरीन मारावं लागतं, नाहीतर बादलीत दिवसभर उघडं ठेवावं लागतं. पाणी बदलायचं तेही आठवड्याला थोडंसं, बाकी जुनंच राहू द्यायचं. कारण मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच बाकीचं उरकतो. त्यातून अमोनिया होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानानं निरुपद्रवी, आठवड्याच्या पाणीबदलीत निघून जातं. हे जिवाणू स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करतात. ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मासा आणायचा नसतो. चिठ्ठीवर या आठवड्यांची ओळ नाही. दुकानात उधळायला पैसे असतात, थांबायला कुणी तयार नसतं, आणि दुकानदारानं तरी ‘मॅडम, टाकी आज न्या, मासा पुढच्या महिन्यात’ असं का म्हणावं?

यातून वाट काढली वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. त्यांच्याकडे जुनी टाकी आहे. ‘‘माझा स्पंज पिळून देते, थोडं त्याच पाण्यात घेऊन जा.’’ आणि त्यांनी खरोखरच स्टीलच्या डब्यात ते गढूळ पाणी दिलं, वर झाकण लावून. विरजण देतात तसंच. जिन्यात खालच्या बाईंनी विचारलं, ‘‘काय, कढी?’’

एकूण सगळी धडपड कशासाठी, तर कोमट पाणी, पाण्यात कुजकी पानं, थोडं गवत, थोडा गाळ. हा मासा थायलंडातला. तिकडे तो भातखाचरांत, दलदलीत, कालव्यांच्या कडेला राहतो, जिथं पाणी उथळ आणि साचलेलं असतं, आणि त्यात प्राणवायू बेताचाच. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्याघड्यांचा अवयव असतो. मध्येच पृष्ठभागावर येऊन तो तोंडानं हवेचा घोट घेतो आणि थेट हवा वापरतो. म्हणूनच तर पेल्यातसुद्धा मरत नाही आणि सगळ्यांना वाटतं की याला काही लागत नाही. म्हणजे २,३२० रुपये देऊन आम्ही काय उभं केलं, तर भाताचं खाचर. फूटभर लांब, झाकणासकट.

खाचरं मी पाहिलेली आहेत. आजोळ संगमेश्वराकडे. मृगाचा पहिला दणका बसला की नदीतले मासे पऱ्यातून, शेतांच्या बांधांवरून वर चढायला लागत. चढणीचे मासे. त्या रात्री मामा कंदील घेऊन निघायचा, बरोबर शेजारपाजारचे बापये, आणि आम्हाला ‘मागे राहा रे’ म्हणून दटावलेलं असायचं, तरी आम्ही मागे मागे असूच. घोटाभर पाण्यात पायांना काहीतरी चाटून जायचं. कंदिलाच्या उजेडात पाणी चमकलं की कुणीतरी झेप घ्यायचा आणि चिखलात लोळायचा. पावसाचा आवाज इतका की बोललेलं काही कळायचं नाही, नुसते दात दिसायचे. घरी आलं की आजी आधी आमच्या पायांवर गरम पाणी ओतायची आणि मग मामाला बोलायची.

एका वर्षी त्यात एक छोटी मरळ मिळाली, वीतभर. तीही हवा घेणारीच जात, पाण्याबाहेरसुद्धा बराच वेळ तग धरते. मी हट्ट केला म्हणून मामानं ती विहिरीशेजारच्या दगडी डोणीत सोडली. ती माझी पहिली टाकी. खर्च शून्य. शेवाळं आधीपासूनच होतं, पाणी बैलांसाठी रोज पडायचंच. बैल प्यायला आला की मरळ तळाच्या सांदीत जायची आणि तो मान वळवून निघाला की सावकाश वर यायची. आजी भाताची शितं टाकायची, ती तिकडे ढुंकूनही पाहत नसे. किडे आणि बेडकाची पिल्लं हे तिचं जेवण. मी दुपारभर डोणीच्या काठावर पालथी पडून असायची. शाळेसाठी परत निघायच्या आदल्या दिवशी बघते तर डोण घासून लख्ख केलेली, पाणी नितळ, मरळ नाही. ‘‘गेली ती नदीला,’’ आजी म्हणाली. डोणीपासून नदी चांगली पंधरा मिनिटांवर होती. रात्री पानात काय वाढलंय याकडे मी बघितलं नाही, खाल्लं मात्र सगळं.

त्यानंतरचे मासे पाहिले ते मुंबईला काकाबरोबर, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बांधायला आठ लाख रुपये लागले, त्यातले दोन लाख एका पारशी दानशूरांनी दिले, म्हणून त्यांचं नाव. तेव्हा मला हे आकडे ठाऊक नव्हते, तरी बाहेर आल्यावर मी काकाला विचारल्याचं आठवतं की समुद्र तर इथं समोरच आहे, मग मासे आत कशाला? काका म्हणाला, ‘‘तिथं दिसत नाहीत ना.’’ त्यानं भेळ घेऊन दिली आणि विषय संपला. पण उत्तर चोख होतं. रस्त्याच्या पलीकडे फुकट असलेले मासे रस्त्याच्या अलीकडे दिसावेत, याचे आठ लाख.

फायटरवर पैसा खर्च करणारे आम्हीच पहिले, असंही नाही. सयाममध्ये, म्हणजे पूर्वीच्या थायलंडात, यांच्या झुंजींवर लोक पैजा लावत. १८४० साली तिथल्या राजानं थिओडोर कँटर नावाच्या डॉक्टरला हे मासे दिले, आणि या कँटरनं लिहून ठेवलंय की झुंजी भरवण्याचे परवाने मक्त्यानं दिले जात आणि राजाला त्यातून वर्षाकाठी चांगलं उत्पन्न मिळे. एवढी मिळकत या बोटभर प्राण्यावर. २०१९ मध्ये थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. सासूबाईंना मी हे मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘मग त्यांनीच द्यावं की लाइटबिल.’’

आमच्या माशाला यातलं काही नको असावं. तो टाकीच्या एका कोपऱ्यात, थर्मामीटरच्या आडोशाला, तोंडानं एकेक बुडबुडा सोडून फेसाचं घरटं बांधतो. नराचंच काम ते. मादीनं अंडी घातली की तो ती तोंडात उचलून फेसात नेऊन ठेवतो, खाली पडली तर परत उचलतो, आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत राखण करतो. इथं ना मादी, ना अंडी. पाणी बदलताना फेस मोडतो. संध्याकाळपर्यंत पुन्हा नवा तयार. एवढ्या सगळ्या सामानातली ही एकच गोष्ट दुकानातून आणलेली नाही.

तर भागाकार. हा मासा साधारण दोन-तीन वर्षं जगतो, फार तर चार, आणि दुकानात येतो तेव्हाच काही महिन्यांचा झालेला असतो. टाकी दहा वर्षं टिकेल. बँकेच्या भाषेत घसारा टाकीवर धरायचा की माशावर, इथं माझी पेन्सिल थांबली. काकूंना मी एकदा सहज विचारलं होतं, तुमचा हा कितवा? त्या म्हणाल्या, ‘‘मोजत नाही गं. टाकी रिकामी दिसली की ‘हे’ अस्वस्थ व्हायचे, म्हणून आणत गेले. आता ‘हे’ नाहीत, तरी आणते.’’ मी चिठ्ठीच्या मागे दोन वर्षांचा दर लिहिला होता, तो खोडला.

मुलगी जुलैत हॉस्टेलला जाईल. मासा न्यायची तिथं परवानगी नाही, आम्ही विचारून झालंय. सासूबाई आताशा सकाळी पूजा झाली की टाकीसमोर उभ्या राहून चार दाणे टाकतात आणि पाचवा टाकू का म्हणून माझ्याकडे बघतात. खाण्याची डबी तळाला आली आहे. मागे १२० ला होती, दुकानदार आता १३५ म्हणतोय. घ्यायला तर हवीच.