लाइट गेले त्या रात्रीची आसोर्दा

लाइट गेल्यावर माणूस आधी खिडकीतून डोकावतो, आपलेच गेलेत की सगळ्यांचे हे बघायला. २८ एप्रिल २०२५, सोमवार, सकाळी ११ वाजून ३३ मिनिटं. लिस्बनमधल्या माझ्या खिडकीतून मीही डोकावले. समोरच्या घरातली म्हातारी आधीच डोकावून उभी होती. तिनेही तेच विचारलं, पोर्तुगीजमधून. तासाभरात कळलं की सगळ्यांचेच गेलेत. लिस्बनचे, पोर्तूचे, सीमेपलीकडे माद्रिद आणि बार्सिलोनाचेही.

मी इथे संध्याकाळच्या खाण्यापिण्याच्या टूर घेते, त्याला आता आठ वर्षं झाली. साडेसहाला रोसिओ चौकातून निघायचं, मोरारिआच्या गल्ल्या चढत चार-पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी दोन घास आणि एक घोट. त्या दिवशी दहा जणांचं बुकिंग होतं. दुपारनंतर मोबाइलचं नेटवर्कही गेलं. टूर रद्द करायची तर कळवणार कशी? परक्या शहरात, अशा दिवशी कुणी सांगितलेल्या जागी येऊन उभं राहायचं आणि मी तिथे नसायचं, हे मला चालणार नव्हतं. म्हणून चालत निघाले. मेट्रो बंद, सिग्नल बंद, ट्राम जिथल्या तिथे उभ्या. किराणा दुकानांसमोर पाणी, मेणबत्त्या आणि बॅटऱ्यांसाठी रांगा. कार्ड कुठेच चालत नव्हतं. माझ्या पाकिटात पंचेचाळीस युरो होते.

दहापैकी पाच जण आले. आयर्लंडच्या दोघी बहिणी, एक ब्राझिलियन विद्यार्थी आणि कराडचे काका-काकू. काका सत्तरीच्या पुढचे, वीज मंडळातून निवृत्त, सगळी हयात कोयनेच्या पोफळीच्या वीजघरात गेलेली. जर्मनीत असलेल्या मुलाने त्यांना ही सहल भेट दिली होती. हॉटेलची लिफ्ट बंद, म्हणून सहा मजले उतरून आले होते. काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अगं, इथले लाइट गेले हे त्याला बातम्यांत दिसलं असणार. आम्ही बरे आहोत हे कोण सांगणार त्याला?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं की आज जे उघडं सापडेल तिथे थांबू, पैशांचं नंतर बघू, आणि शेवटी प्रत्येकाला त्याच्या हॉटेलच्या दारात सोडूनच मी घरी जाईन.

सुरुवात नेहमीच्याच जागी झाली. सांव दोमिंगुशच्या छोट्या चौकात १८४० साली एका गलिसियन माणसाने जिंजिन्याचं पहिलं दुकान काढलं. जिंजा म्हणजे आंबट चेरी. ती गावठी दारूत साखर घालून मुरवतात, की झाली जिंजिन्या. आसपास अशी आणखी दुकानं आहेत. त्यांतलं एक उघडं होतं, हातभर रुंदीचं, संगमरवरी कट्टा आणि मागे बाटल्या. विजेवाचून त्याचं काहीच अडलं नव्हतं. दुकानदार एवढंच विचारतो, 'चेरीसकट की चेरीविना?' काकूंनी नुसता वास घेतला, काकांनी चेरीसकट घेतली. आयरिश बहिणींतली धाकटी रडवेली झाली होती, त्यांचं रात्रीचं विमान रद्द झालं होतं. दुसऱ्या ग्लासानंतर ती जरा सावरली.

त्याच कट्ट्याला टेकून मी माझं नेहमीचं सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले. आठ वर्षं मी पाहुण्यांना सांगत आलेय की पोर्तुगीज खाणं हे जहाजाचं खाणं आहे, महिनोन् महिने टिकवायचं खाणं. बाकल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. तो मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही, न्यूफाउंडलंड आणि नॉर्वेकडून येतो, तो मिठामुळेच. शोरीसू हे डुकराच्या मांसाचं सॉसेज धुरावर टिकतं. सार्डिन डब्यात, तेलात. पोर्ट वाइन आंबत असतानाच तिच्यात दारू ओततात, म्हणून ती गोड राहते आणि लांबचा प्रवास झेलते. मांस टिकावं म्हणून वाइन आणि लसणात घालायचं, त्याचं नाव 'विन्या द आल्युश'. ते गोव्याला पोचलं, वाइनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, मिरची आली आणि झालं विंदालू. हे सगळं मला तोंडपाठ आहे, झोपेतही सांगेन. पण त्या संध्याकाळी शहरातला प्रत्येक फ्रीज बंद होता, हॉटेलवाले दुधाच्या पिशव्या वास घेऊन टाकून देत होते आणि समोरच्या दुकानात बाकल्याव फळीसारखा ताठ लटकत होता, त्याला काहीही झालेलं नव्हतं. मला आईची आगोटीची बेगमी आठवली. सावंतवाडीच्या बाजारातून मे महिन्यात आणलेले खारे बांगडे, पत्र्याच्या डब्यातले सोडे, चिनी मातीच्या बरणीतलं लोणचं, आणि मग पावसात चार-चार दिवस लाइट नसले तरी जेवण अडायचं नाही. इतकी वर्षं मी सांगत होते ते माझ्याच घरचं होतं, आणि ते मला तिथे, त्या कट्ट्यापाशी कळलं.

पुढचे दोन थांबे बंद होते. एका गल्लीत मात्र खिडकीच्या कट्ट्यावर सेलवरचा रेडिओ ठेवला होता आणि पंधरा-वीस लोक भोवती उभे होते. शेजारी बरणीत लाल कार्नेशनची फुलं होती, तीन दिवसांपूर्वीच्या २५ एप्रिलची. १९७४ साली त्या दिवशी सैनिकांच्या उठावाने इथली हुकूमशाही गेली, ही फुलं त्याचीच आठवण. आदल्या रात्री रेडिओवर लागलेली गाणी हीच सैनिकांसाठी उठावाची खूण होती. एक आजोबा म्हणाले, "त्या रात्रीही आम्ही असेच रेडिओला चिकटून होतो." मी बातम्या ऐकत मराठीतून आणि इंग्रजीतून सांगत होते. त्यात कास्तेलु द बोदचं नाव आलं.

काका एकदम ताठ झाले. "धरण आहे का ते?"

"हो काका, झेझर नदीवरचं. १९५१ पासून चालू आहे."

"मग येणार लाइट," ते म्हणाले. एवढ्या खात्रीने दिवसभरात कुणीही बोललं नव्हतं. पुढे चढ चढताना, दम लागला की थांबून, त्यांनी मला समजावलं. औष्णिक केंद्र बंद पडलं की त्याला उठायलाच वीज लागते, पंपांना, पंख्यांना. ती आणायची कुठून? पाण्याचं तसं नाही. बॅटरीवर आणि एका छोट्या डिझेल सेटवर झडपा उघडायच्या, पाणी सोडायचं, टर्बाइन फिरायला लागतं. मग एक लाइन भारायची, तिच्यावर थोडासाच लोड टाकायचा आणि वारंवारिता पन्नास हर्ट्झवर धरून ठेवायची. जरा घाई केली की पुन्हा सगळं खाली. "म्हणून वेळ लागतो बघ, पोरी. लोक शिव्या घालतात, पण आतला माणूस त्या वेळी श्वास रोखून बसलेला असतो." कोयनेत असताना त्यांनी हे सरावात केलं होतं. पुढे पेपरात वाचलं, पोर्तुगाल दोन ठिकाणांहून उठवला गेला. बाहेरच्या विजेवाचून उठायची खास सोय असलेलं, उत्तरेचं तापादा दु ओउतैरूचं गॅसवरचं केंद्र आणि हे धरण.

साडेआठला सूर्य बुडाला आणि मोरारिआत खरोखरचा काळोख झाला. आम्ही आवोच्या टास्कात पोचलो. आवो म्हणजे आजी. सगळी गल्लीच तिला आवो म्हणते. ती आलेंतेजू प्रांतातली. टास्का म्हणजे चार-पाच टेबलांची खानावळ. तिने टेबलं बाहेर पायऱ्यांवर मांडली होती, कोळशाची शेगडी पेटवली होती आणि फ्रीजमधलं सगळं मासळी-मटण शेजाऱ्यापाजाऱ्यांना भाजून वाढत होती. उद्यापर्यंत ठेवून करायचं काय? मी पैशांचं बोलायला गेले, तर तिने वही दाखवली आणि म्हणाली, "लिहून ठेवते."

बाकीच्यांची सोय झाली. काकूंचं मात्र अडलं, त्यांना अंडंही चालत नव्हतं. मी आधी चीज मागितलं. आझैतांवचं, मेंढीच्या दुधाचं, चमच्याने खायचं. काकूंनी अगदी नेमका प्रश्न विचारला, "विरजण कशाचं लावतात?" बहुतेक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, हे त्यांना माहीत होतं. पण हे चीज एका काटेरी झाडाच्या जांभळ्या फुलाने विरजतात, आपल्या उंटकटाऱ्याच्या जातीतलं. वाळलेले तंतू पाण्यात भिजवून ते पाणी दुधात घालतात. काकूंनी निःशंक मनाने खाल्लं. पण चीजने पोट भरत नाही आणि ताजा पाव दुपारीच संपला होता.

आवोने कालचा पाव काढला. आलेंतेजूचा, जाड कवचाचा, दगडासारखा. मग तिने दगडी खलबत्ता पुढ्यात घेतला. त्यात खडेमीठ, लसणाच्या सहा-सात पाकळ्या आणि मूठभर कोथिंबीर, देठांसकट. युरोपात इतरत्र रोजच्या पारंपरिक स्वयंपाकात ओली कोथिंबीर फारशी भेटत नाही, पोर्तुगालात मात्र ती भाजीवाल्याकडे जुडीने मिळते. आवो कुटायला लागली. मेणबत्तीच्या उजेडात खालची हिरवी चटणी दिसतही नव्हती, नुसता आवाज येत होता आणि वास. काकू खुर्चीवरून उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

चटणी खोल भांड्यात गेली, वर ऑलिव्हचं तेल धार धरून. गॅसवरचं उकळतं पाणी त्यावर ओतलं, तशी वाफेबरोबर लसूण-कोथिंबिरीचा वास सगळ्या पायऱ्यांवर पसरला. मग पाव हाताने तोडून त्यात. एरवी वर अंडं सोडतात, ते तिने सोडलं नाही. ही आसोर्दा. शेतमजुरांचं, शिळ्या पावाचं जेवण.

काकूंनी पहिला चमचा घेतला आणि काही बोलल्याच नाहीत. दुसऱ्या चमच्यानंतर म्हणाल्या, "माझी सासू ताकात शिळी भाकरी कुस्करून लसणाची चटणी घालायची. हे तिच्या हातचं आहे."

मी आवोला सांगितलं. तिने विचारलं, भाकरी कशाची? ज्वारी मला पोर्तुगीजमध्ये नीट समजावता आली नाही, पण काकूंनी दोन्ही तळव्यांनी हवेत भाकरी थापून दाखवली आणि आवोने मान डोलावली. त्यानंतर दोघींना माझी गरज उरली नाही. 'पांव' आणि 'बताता' एवढे शब्द दोन्हीकडे होते, बाकी हातांनी भागत होतं. आवोने दुसरं भांडं केलं तेव्हा खलबत्ता काकूंच्या हातात होता. त्यांनी त्यात एक हिरवी मिरची मागून घेतली. आवोने चव घेतली, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घेतली. ते दुसरं भांडं आम्ही सगळ्यांनी मिळून संपवलं.

जेवणाच्या टूरमध्ये पाहुणे खातात आणि मी बोलते. त्या रात्री मी जवळजवळ गप्प होते आणि माझ्या आठ वर्षांतली ती सगळ्यात चांगली टूर होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

दहा वाजून गेले. पायऱ्यांवरून खालचं शहर दिसतं, त्या रात्री ते फक्त गाड्यांच्या दिव्यांनी कळत होतं. अचानक नदीच्या बाजूला एक तुकडा उजळला. खालून ओरडा आणि टाळ्या ऐकू आल्या. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा तुकडा, डावीकडे. काका पायरीवर उभे राहून मोजत होते. "एकेक फीडर घेतायत. बघ, थांबले. आता स्थिर होऊ देतील... हां, घेतला." तिकडे टाळ्या पडत होत्या आणि इकडे काका त्या न दिसणाऱ्या माणसांना, कुठल्या तरी नियंत्रण कक्षात श्वास रोखून बसलेल्यांना, "शाबास, शाबास" म्हणत होते.

आमच्या गल्लीत लाइट आले तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, अनोळखी माणसांनीसुद्धा. थोड्याच वेळात फोनही जागे झाले. काकूंच्या फोनवर मुलाचे मेसेज एकामागून एक पडत राहिले. त्यांनी फोन लावला आणि पलीकडून आवाज येताच म्हणाल्या, "आम्ही जेवलो बरं का."

आवो मात्र आत गेली होती. तिने फ्रीज उघडला. आतला दिवा लागला होता आणि सगळे कप्पे रिकामे होते. ती क्षणभर बघत उभी राहिली. काका दारातून म्हणाले, "तिला सांग, प्लग काढून ठेव. पहिला तासभर व्होल्टेज वरखाली होतं, कॉम्प्रेसर जाईल." मी सांगितलं. आवोने प्लग काढला, भिंतीवरचा बल्बही बंद केला आणि टेबलावरची मेणबत्ती उचलून आमच्यासाठी शेवटचे पाच ग्लास भरायला लागली.