६३१ चा धसका

इंदूरात घरात शेव नाही असं सहसा होत नाही, पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव, भाजी नसली तर शेवेचीच भाजी. त्यामुळे आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवाळीच्या आधी तो मेसेज आला की खळबळ ठरलेली, की बाबांनो नमकीनच्या पाकिटावर ६३१ दिसलं तर हात लावू नका, ती डुकराची चरबी आहे. रामबागेतली आत्या तेव्हापासून दुकानातच चष्मा नाकावर ओढून पाकीट उलटं करते, आणि ती बारीक अक्षरं नेमकी पाकिटाच्या जोडात, अर्धी घडीखाली गेलेली, मग "वाच रे जरा" म्हणून मला देते.

आता पाकिटावरचे हे आकडे म्हणजे खाण्यात घातलेल्या पदार्थांचे ठरलेले नंबर. ६३१ म्हणजे डायसोडियम आयनोसिनेट, चव उठावदार करायला घालतात, बहुतेक ६२७ या तशाच दुसऱ्या पदार्थाच्या जोडीनं. चरबी तर ती नाहीच. मासळी-मांसापासून बनवता येतं हे खरंय, पण स्टार्च आंबवूनही बनतं, आणि पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर आत दूध-मध वगैरे सोडून प्राणिज काही घालता येत नाही, तसा नियमच आहे. हे सगळं मी सांगितलं तर आत्या म्हणाली, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव," आणि सियागंजातून चिवड्यासाठी टाटरीची पुडी घेतली.

टाटरी म्हणून आपण जे आणतो ते सायट्रिक ॲसिड, नंबर ३३०. पूर्वी हे खरंच लिंबापासून काढायचे, इटलीतली लिंबं त्यासाठी जायची. मग १९१७ मध्ये जेम्स करी नावाच्या माणसानं दाखवून दिलं की साखरेच्या पाण्यात ॲस्परजिलस नायजर ही बुरशी वाढवली की ती भरपूर सायट्रिक ॲसिड तयार करते, आणि तेव्हापासून लिंबू त्या धंद्यातून जवळपास बाहेरच. ही बुरशी कोणती, तर कांद्याच्या सालाखाली काळी काजळी धरते ना, तीच. आत्या तसला कांदा नाक मुरडून दोनदा धुते. हे मात्र मी तिला सांगितलं नाही, चिवडा खायचा होता.

तिच्या हिंगाच्या डबीत हिंग कमी आणि डिंक-पीठ जास्त, डिंकाचा नंबर ४१४. खायचा सोडा ५००. हळदीतला पिवळा रंग १००. गवारीच्या बियांचा गम ४१२, आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून घालतात (उपासाला आइस्क्रीम चालतं का, हा प्रश्न प्लीज तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका).

म्हणजे सगळंच साधंभोळं असंही नाही हं. तेल खवट होऊ नये म्हणून ३१९ घालतात, टीबीएचक्यू, ते किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या वर नको असं बंधन आहे, आणि बंधन उगाच घालत नाहीत. पण निदान ते पाकिटावर छापावं तरी लागतं. मला खरी धास्ती वाटते ती सुट्या, डोळ्यात भरणाऱ्या पिवळ्याजर्द शेवेची. मेटॅनिल यलो हा कापडाबिपडाचा रंग, खाण्यात त्याला परवानगीच नाही, तरी भेसळीत सापडतो, आणि सुट्या मालावर ना नंबर ना नाव. लॅबवाले हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकून बघतात, गुलाबी-जांभळा झाला की कळलं, पण दुकानासमोर उभं राहून आपण काय करणार.

आत्याचं म्हणणं, "तो आपल्या डोळ्यांसमोर तळतो."

तळतो ना, पण बेसन कुठं आपल्यासमोर भिजवतो.