बाणकोटच्या खाडीवर

रेवस ते रेडी हा सागरी रस्ता नकाशावर पाहिला की वाटतं, उजवीकडे समुद्र, डावीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधून आपली सायकल निवांत चालली आहे. तसा रस्ता आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. बाकी सगळा चढ-उतार. कोकणचा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे. गाव खाडीच्या तोंडाशी, गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, आणि सड्यापलीकडे पुढची खाडी. गावातून निघालं की लगेच अंगावर येणारा चढ, मग सावलीचं नाव नसलेला सडा, आणि तासभर घाम गाळून कमावलेली उंची पाच मिनिटांत संपवणारा उतार. हे दिवसातून दोन-तीनदा. तरीही मला विचाराल तर महाराष्ट्रात सायकलवरून फिरायला याहून चांगला मुलूख नाही. त्याचं कारण समुद्र नाही, खाड्या आहेत. खाडी ओलांडायला जंगलजेटीसाठी, म्हणजे माणसं आणि गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीसाठी, थांबावं लागतं आणि तिथे माणसं भेटतात.

फेब्रुवारीत मी आणि माझी मैत्रीण निघालो. दोघींची पन्नाशी उलटलेली. सोबत ग्रुप नाही, मागून सामान घेऊन येणारी गाडी नाही, रोज किती अंतर कापायचं याचा कागद नाही. आयोजित सायकल सहलींना मी गेले आहे. पहाटे पाचला शिट्टी, दुपारी ठरलेल्या हॉटेलात जेवण, शेवटी गळ्यात मेडल. तिथे व्यवस्था चोख असते, पण रस्त्याकडेच्या विहिरीवर कोणी हाक मारली तर थांबता येत नाही. मला थांबायचं होतं. कॅरिअरच्या दोन बाजूंना पिशव्या, पंप, जादा ट्यूब, नट आवळायचे पाने आणि दोन-दोन कपडे. एवढ्यात आमचं भागलं.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, मग रेवदंडा, काशीद, मुरूड. या पट्ट्याबद्दल एवढंच सांगते की शनिवारी तिकडे सायकल घालू नका. मुंबई-पुण्याच्या गाड्या हॉर्नवरचा हात काढत नाहीत. आगरदांड्याला पहिली जंगलजेटी पकडली आणि दिघीला उतरल्यावर गर्दी मागे राहिली.

दिवेआगरला ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी सकाळी घावने वाढता वाढता वाडी दाखवली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आलं. काकूंच्या वाडीत त्या दिवशी पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या, माड मुळासकट उपटले. आता तिथे नवी रोपं कमरेच्या वर आली आहेत, काही डोक्याच्याही वर. पण पोफळ लावली की हाती सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात, आणि पुढे भरघोस उत्पन्न यायला आणखी काही. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. त्या सुपारीवर या पट्ट्यातली घरं उभी राहिली, मुलं शिकली. काकूंनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या त्या वादळानंतरच. "वाडी देत नाही तोवर तुम्ही देता," त्या म्हणाल्या. मी बिल द्यायला गेले तर घावन्यांचे पैसे त्यांनी धरलेच नव्हते. त्यावरून आमची जी ओढाताण झाली ती मैत्रिणीने मिटवली, नोटा डब्याखाली सरकवून.

दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून जाणारा रस्ता या सगळ्या प्रवासातला सर्वात देखणा. चढ जवळजवळ नाहीत, पाणी रस्त्याला लागून, आणि वाहनं इतकी कमी की आम्ही शेजारी शेजारी सायकली चालवत गप्पा मारत गेलो. मग हरिहरेश्वर आणि तिथून बागमांडला.

बागमांडल्याला पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं आणि बोट पलीकडे वेश्वीला. समोर सावित्री नदीचं रुंद पात्र, भरतीचं गढूळ पाणी, पलीकडच्या डोंगरावर बाणकोटचा किल्ला. आणि पाण्यात पुलाचे खांब. हा पूल कित्येक वर्षं अर्धवट उभा आहे. रेवस ते रेडी सलग रस्ता व्हावा हे आंबेतच्या बॅरिस्टर अंतुल्यांचं स्वप्न. ते मुख्यमंत्री होते १९८० ते ८२ या काळात. म्हणजे या स्वप्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, आणि इकडच्या बऱ्याच मोठ्या खाड्यांवर अजून बोटीच आहेत.

बोट आली. पुढची फळी दांडीवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या धक्क्यावर, टेकली, आधी मोटारसायकली भर्रकन उतरल्या, मग एक टेम्पो, मग पिशव्या घेतलेली माणसं. आम्ही सायकली कठड्याला टेकवून उभ्या केल्या. शेजारी एक आजी, नऊवारीचा कासोटा, हातात औषधांची पिशवी; सोबत पन्नाशीचा मुलगा मोटारसायकलवर. श्रीवर्धनला डोळे दाखवून परत चालल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या सायकलचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं. मग दुसरं. मग मुलाला म्हणाल्या, "हवा टंच हाय." आणि मग आमच्याकडे वळून, कुठून, कुठे, घरी कोण, मुलं किती, मालक काय करतात. सगळी उत्तरं ऐकून त्यांना आमच्याबद्दल काही तक्रार राहिली नसावी, कारण त्यांनी पिशवीतून भाजलेले काजू काढून दोघींच्या तळहातावर ठेवले.

खांबांच्या जवळून जाताना मैत्रिणीने मुलाला विचारलं, पूल होणार का. तो हसला. उत्तर आजींनी दिलं.

त्यांचं माहेर इकडचं, बागमांडल्याच्या अंगाचं. सासर बाणकोटला. लग्न झालं तेव्हा ही बोट नव्हती, होडी होती, वल्ह्यांची. "बापूस गेला त्या रातीला सांगावा आला," त्या म्हणाल्या. "पावसाचं दिवस. खाडी अशी उसळलेली, नावाडी म्हनला, मी नाय घालायचा होडी. मी बंदरावर उभी. समोर आमच्या घराची बत्ती दिसत व्हती. मानसं चालताना दिसत व्हती बत्तीपुढनं. आन मी हितं." म्हाप्रळ-आंबेतच्या वळशाने जायचं तर रात्री वाहन नाही. सकाळी मिळेल त्या गाडीने त्या निघाल्या. पोचल्या तेव्हा सगळं आटपलं होतं. भावाने विचारलं, एवढा उशीर का गं. "त्याला काय सांगू? तू दिसत व्हतास म्हनून?"

हे त्यांनी रडून सांगितलं नाही. काजूची टरफलं एकेक करून पाण्यात टाकत, मधेच मुलाला 'पिशवी नीट धर' असं सांगत, सांगितलं. नंतर म्हणाल्या, "बोट हाय ती बरी. पन रातची बंद व्हते. मानूस रातचाच जातो."

मी बोटीवर चढले होते ते या बोटीबद्दलच्या प्रेमाने. पुलावरून गाडी दोन मिनिटांत निघून जाते आणि कोणाला कोणी भेटत नाही, हे मी मैत्रिणीला आदल्या संध्याकाळीच तावातावाने सांगितलं होतं. ते मत माझं आजही आहे. पण खाडीच्या दोन काठांवर माहेर आणि सासर असलेल्या बाईसमोर माझ्या मताचं वजन किती, हे मला तिथे उभं राहून कळत होतं. कोकणातल्या रोटी-बेटीच्या गाठी खाडीपलीकडेच बांधलेल्या असतात. होडीच्या काळात पलीकडचं गाव जवळचं होतं, डोंगरापलीकडचं लांबचं. रस्ते झाले, गाड्या आल्या आणि हिशेब उलटला. आता समोर दिसणारं गाव वळशाने खूप लांब आहे. पुलाची मागणी म्हणजे नुसती पर्यटकांच्या गाड्यांची सोय नव्हे.

वेश्वीला उतरताना मुलाने आमच्या दोन्ही सायकली दांडीवर चढवून दिल्या. आजी मोटारसायकलवर मागे एका अंगाला बसल्या, पदर खोचला आणि आम्हाला म्हणाल्या, "चढ लय हाय बायांनो, जपून." खरंच होता. बाणकोटहून वेळासकडे जाताना मैत्रीण आणि मी फार बोललो नाही. तिची आई गेल्या वर्षी गेली, ती तेव्हा परदेशात लेकीकडे होती आणि तिला विमान मिळेपर्यंत दोन दिवस गेले. अर्ध्या चढावर ती सायकलवरून उतरली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "माझ्या आणि आईच्या मध्ये तर समुद्र होता. त्यांना तर दिसत होतं गं." मग आम्ही उरलेला चढ सायकली ढकलत चालत चढलो.

वेळास नाना फडणवीसांचं गाव, पण आता लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वाळूत शंभरेक अंडी घालून जातात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती जपायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत हलवतात, वर टोपली पालथी घालतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं येतात. रोज सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून पाहतात. आम्ही गेलो त्या सकाळी एकेक टोपली उचलली गेली आणि खाली नुसती वाळू. आमच्यासोबत आलेली एक मुलगी हिरमुसली, तर टोपली उचलणारा गावातला मुलगा तिला म्हणाला, अजून त्यांची वेळ नाही झाली. एवढंच. त्याच्या बोलण्यात पाहुण्यांची माफी मागण्याचा सूर नव्हता, आणि मला ते फार आवडलं.

म्हणूनच पुढे कर्द्याला जे पाहिलं त्याने माझं डोकं फिरलं. केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळीचा लिलाव, हे सगळं मागे टाकून दापोलीच्या किनाऱ्याला आलो तो नेमका शनिवार. ओल्या वाळूवर मोठाल्या गाड्या भरधाव चाललेल्या, गोल गोल फिरवून वाळू उडवणं चाललेलं, छतातून बाहेर काढलेली मुलं किंचाळतायत. एका गाडीचं चाक रुतलं होतं, ती काढायला दुसऱ्या तीन गाड्या वाळूत उतरल्या होत्या. याच किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. टायरखाली वाळू दबून घट्ट होते, आणि चाकोरीत अडकलेलं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. वेळासला ज्यांनी टोपलीभोवती श्वास रोखून फोटो काढले, त्यातलेच काही जण इथे वाळूवर गाडी घालतात. गाडीवर चिकटवलेल्या कासवाच्या स्टिकरवरून मी एक तर ओळखली. जाऊन बोलले. ड्रायव्हरने काच वर केली. पोलीस अधूनमधून दंड करतात, गावकरी अडवतात, पण शनिवारी येणाऱ्या गाड्या गावातल्या माणसांपेक्षा जास्त असतात. किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेवर दगड टाकावेत. यावर मला दुसरी बाजू ऐकायची नाही.

पुढचे दिवस चांगले गेले आणि त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे. दाभोळची बोट मोठी आणि वक्तशीर. गुहागरची वाळू लांबलचक आणि सकाळी सहाला पूर्ण रिकामी. हेदवीचा चढ चढताना मैत्रिणीच्या सायकलची चेन तुटली. वाटेतल्या गॅरेजवाल्या पोराने मोटारसायकलच्या पान्यांनी ती जोडली आणि आमच्या नाकावर टिच्चून पैसे नाकारले. तवसाळहून जयगडला बोटीत आम्ही दोघी, एक दूधवाला आणि एक शेळी. मालगुंडला केशवसुतांच्या घरी थोडा वेळ बसलो. आरे-वारेचा रस्ता सगळे दाखवतात तितकाच सुंदर आहे, पण संध्याकाळी पाचनंतर तिथे सेल्फीसाठी गाड्या रस्त्यात मधेच उभ्या राहतात, तेव्हा सकाळी जा.

रत्नागिरीला थिबा राजवाड्याच्या आवारात बसून आम्ही पुढच्या वर्षीचं ठरवलं. रत्नागिरीच्या खाली भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, सगळीकडे पूल केव्हाच झाले आहेत. मैत्रीण म्हणाली, तिकडे जाऊ, आणि प्रत्येक पुलाच्या तोंडाशी थांबून गावात विचारू की पूल व्हायच्या आधी काय होतं आणि आता काय आहे. मला हे पटलं. घाईत मत बनवण्यापेक्षा पूल वापरणाऱ्यांना विचारलेलं बरं.

उत्तरेकडच्या खाड्यांवर आता नवे पूल होऊ घातले आहेत. व्हावेत. बाणकोटचा तर लवकरात लवकर व्हावा, त्या आजी चालत्या-फिरत्या आहेत तोवर. माझं मागणं एवढंच आहे की पूल बांधताना कडेला चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी कठड्याआडची रुंद पट्टी सोडा, जिथे डोक्यावर पाटी घेतलेली बाई ट्रकच्या धाकाविना माहेरी चालत जाऊ शकेल. आणि जुन्या दांड्या मोडू नका. मच्छीमारांना त्या लागतात.