कणकेचे हात

मंगळवार, रात्री सव्वादहा

आज पासष्ट पोळ्या झाल्या. शेजारच्या इमारतीतल्या मुलांचे दोन डबे वाढलेत.

पहाटे साडेचारला कणीक भिजवायला घेते तेव्हा उजव्या कानात इअरफोन असतो. डावा कान कुकरच्या शिट्ट्यांसाठी मोकळा. ह्यांचा कारखाना बंद पडला त्याला वर्ष होत आलं, डबे सुरू करून आठ महिने झाले. भाचीने तेव्हाच फोनवर ऑडिओबुकं लावून दिली होती, मनाची उमेद वाढवणारी, चांगल्या सवयी लावणारी. मी ती मनापासून ऐकली. रोजचा हिशोब रोज लिहायचा, ही सवय त्यांतलीच, आणि ती टिकलीय. पण त्यांत माणसाचं संकट दोन मिनिटांत सांगून व्हायचं आणि त्यातून काय शिकायचं ते तासभर चालायचं. मला संकटाच्या त्या मधल्या दिवसांबद्दल ऐकायचं होतं. रोज सकाळी उठून ती माणसं नक्की काय करत होती?

गेल्या पंधरवड्यात लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’ लावलं. बाई आपल्याच भागातल्या, नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या. वडील सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे. अकराव्या वर्षी लग्न, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. ते सगळं लिहिणं मुळातच समोर बसून सांगितल्यासारखं आहे, म्हणून डोळ्यांपेक्षा कानाला जास्त जवळचं वाटतं. आजी चातुर्मासात पोथी ऐकायला जायची आणि ऐकता ऐकता वाती वळायची, ते आठवलं. हात कामात असले की मन नीट ऐकतं, हे तिला ठाऊक होतं.

परवा १८९५ सालचा भाग आला. बाईंच्या नवऱ्याने, कवी नारायण वामन टिळकांनी, मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ती बातमी इकडे बाईंपर्यंत पोचली. ऐकवेना मला. पुढे सरकवावं असं फार वाटलं. पण दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत. फोनला हात लावता येईना, म्हणून सगळं ऐकलं. तव्यावरची एक पोळी करपून काळी झाली तरी तशीच उभी होते. पुढे लहान मुलाला, दत्तूला घेऊन पंढरपूरला बहिणीकडे राहणं आलं. दुःखाच्या ऐन मध्यावरसुद्धा बाई घरातल्या साध्यासाध्या गोष्टी सांगत राहतात, मध्येच हसवतातही. कुठेही म्हणत नाहीत की बघा, मी कशी खंबीर. काय झालं ते सांगतात, स्वतःच्या चुकांसकट, आणि पुढे जातात. पाच वर्षांनी, १९०० साली, त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या, ते मात्र स्वतःच्या विचाराने. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुढे त्यांनीच पुरं केलं. इतकं सोसलेल्या बाईने आपलं सगळं उघड सांगितलं आणि त्यात तिचं काही कमी झालं नाही, हे दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीये.

कारण मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. सगळ्यांना एकच, ‘डब्यांचं छान चाललंय’. छान चाललंयही, पण ते अर्धंच.

आज दुपारी भांडी आवरल्यावर निफाडला ताईला फोन लावला. तिच्या कांद्याचं, पावसाचं बोलून झालं. मग म्हटलं, “ताई, पाटल्या गहाण आहेत गं माझ्या. दिवाळीच्या आधीपासून.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मागे तिच्या गोठ्यातली गाय हंबरलेली ऐकू आली.

“आईच्या?”

“हो.”

“सकाळी किती पोळ्या लागतात तुला?”

सांगितल्या.

“शनिवारी येते. लाटायला.”

ती आली की इअरफोन काढून ठेवीन आणि फोन फडताळावर ठेवून मोठ्याने लावीन. माझं अर्ध्याच्या पुढे गेलंय, पण तिच्यासाठी पहिल्यापासून.