दोन डोळ्यांमधलं अंतर

बॅज गळ्यात अडकवला की तो हमखास उलटा होतो आणि समोरच्याला तुमच्या नावाऐवजी कोरा पुठ्ठा दिसतो. परिषदेतल्या पहिल्या संध्याकाळच्या स्वागत समारंभात मी बराच वेळ तो बॅज सुलटा करण्यात घालवला, कारण हातांना दुसरं कामच नव्हतं. माणसं घोळक्याघोळक्याने उभी. लग्नात आपण ना वराकडचे ना वधूकडचे असलो की कसे हॉलच्या कडेकडेने फिरतो, तशी मी फिरत होते. शेवटी एका घोळक्यापाशी थांबले, चेहरा हसरा ठेवला. विषय होता कुणाच्या तरी मुलीच्या कॉलेजप्रवेशाचा. तिथे शिरणं सोपं होतं, निघणं महाकठीण. साडेआठला खोलीत जाऊन झोपले.

गाव बर्लिंगेम. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाच्या शेजारी, खाडीच्या काठावर. आयएस अँड टी ही इमेजिंगवाल्यांची १९४७ सालची संस्था. तिची ‘इलेक्ट्रॉनिक इमेजिंग’ परिषद बऱ्याचदा इथे भरते. कॅमेऱ्याचे सेन्सर बनवणारे, रंगांचे अभ्यासक, डोळा आणि मेंदूवाले, थ्रीडीवाले, सगळे एका छपराखाली. मी अंधारात काढलेल्या फोटोंमधला खरखरीत ‘नॉइज’ कमी करण्यावर काम करते. माझं संशोधन मांडणारं एक पोस्टर होतं, आणि ते लागेपर्यंत कुणाशी काय बोलायचं हा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी थ्रीडी सिनेमाचा खेळ होता. परिषदेतला स्टिरिओस्कोपीचा, म्हणजे डाव्या-उजव्या डोळ्याला वेगळं चित्र दाखवून थ्रीडीचा भास करण्याचा विभाग १९९० पासून चालत आलाय आणि जगभरातल्या थ्रीडी फिल्म्स दाखवणं हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. दारात चष्मा हातात ठेवतात, अंधार होतो, कुणाशी बोलावं लागत नाही. मला फार बरं वाटलं. पण हा प्रेक्षक भलताच. गोष्टीत काय चाललंय याकडे कुणाचं लक्ष नाही. पडद्याच्या पुढे आलेली फांदी पडद्याच्या कडेने कापली गेली की आख्खी रांग ‘च्च’ करते, कारण डोळे म्हणतात फांदी जवळ आहे आणि चौकट म्हणते ती मागे आहे. शेजारच्या निवृत्त इंजिनिअर आजोबांना काहीतरी विचारायला मी मान त्यांच्याकडे कलती केली, तर पडद्यावर सगळं दुहेरी. “मान सरळ,” ते समोर बघतच म्हणाले. डावं-उजवं चित्र आडव्या रेषेत सरकवलेलं असतं. डोळ्यांचीच रेषा तिरकी केली की ती जुळत नाहीत. नंतर सगळा वेळ मी शाळेतल्यासारखी ताठ बसून होते.

खरी मजा प्रात्यक्षिकांच्या संध्याकाळी. मोठ्या दालनात टेबलंच टेबलं, प्रत्येकावर कुणीतरी स्वतः बनवलेलं काहीतरी. चष्म्याशिवाय थ्रीडी दाखवणारा पडदा, त्यापुढे माणसं डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत नाचल्यासारखी उभी. एका टेबलावर कापडाचे दोन तुकडे एका पेटीत ठेवलेले. एका दिव्याखाली दोन्ही अगदी एकाच राखाडी रंगाचे. बटण दाबून दिवा बदलला की एक तपकिरी, दुसरा हिरवट. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या. निरनिराळ्या लहरींच्या मिश्रणांनी त्या तिन्ही सारख्याच चाळवल्या, तर आपल्याला एकच रंग दिसतो. हे मी पुस्तकात कितीदा वाचलंय! तरी ते बटण मी सहा-सात वेळा दाबलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, “आता मला द्या.” मग तिसरा एक जण आला, आणि २०१५ साली इंटरनेटवर गाजलेल्या त्या ड्रेसवरून आम्ही तिघं भांडायला लागलो. ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा, हे तिघांनाही माहीत. पण मला फोटो आजही पांढरा-सोनेरी दिसतो, आणि त्या बाईंना ते कबूलच होईना. वीस मिनिटांनी लक्षात आलं की आम्ही एकमेकांची नावं विचारलेली नाहीत. तिघांचेही बॅज उलटे होते.

त्या दालनात ‘तुम्ही काय करता?’ असं मला कुणीच विचारलं नाही. ‘ते कोपऱ्यातलं बघितलंत का?’ एवढंच विचारतात. आयोजकांनी स्वागत समारंभातही एखादी अशी पेटी ठेवायला काय हरकत आहे, असं मला फार वाटून गेलं.

मेजवानीला जाऊन आले. गोल टेबल, पलीकडच्याचं काही ऐकू येत नाही. सोडून देऊ.

पोस्टरच्या संध्याकाळी मात्र मी टेबलाच्या पलीकडे होते. माझे नमुन्याचे फोटो बघून एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “लेना नाही ठेवलीत?” ठेवणार कशी? टोपीतली ती बाई म्हणजे या क्षेत्राची जुनी सवय. १९७२ सालच्या ‘प्लेबॉय’मधला फोटो १९७३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी स्कॅन केला, ती ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची झाली, आणि मग अनेक पिढ्यांनी आपली सूत्रं तिच्या गालावर तपासली. १ एप्रिल २०२४ पासून आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेच्या कम्प्युटर सोसायटीने ते चित्र असलेले लेख घेणं बंद केलं. मी म्हटलं, बरं झालं; चाचणीच्या फोटोतल्या बाईकडे बघून वर्गातल्या मुलींना काय वाटतं, हे बराच काळ फारसं कुणी विचारलं नव्हतं. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, १९९७ साली याच संस्थेच्या पन्नासाव्या वर्षाच्या परिषदेला लेना स्वतः आली होती आणि लोक सह्या घ्यायला रांगेत उभे होते. “तेव्हा आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं,” असं म्हणून त्यांनी माझ्या आलेखाकडे बोट दाखवलं आणि अक्षाची एककं चुकल्याचं सांगितलं. खरंच चुकली होती.

शेवटच्या सकाळी थ्रीडीवाले आजोबा खाडीकाठच्या पायवाटेवर भेटले. हवा स्वच्छ होती, आणि दोन विमानं जोडीने, शेजारी शेजारी उतरत होती. दोन्ही धावपट्ट्यांत जेमतेम २३० मीटर अंतर. कुठलं पुढे, कुठलं मागे, काही केल्या कळेना. “कळणारच नाही,” ते म्हणाले. दोन डोळ्यांत अंतर साधारण ६.३ सेंटिमीटर, एवढ्या लांबवर दोघांना एकच चित्र दिसतं. मग डोळे लांब करायचे. एक फोटो काढायचा, बाजूला सरकून दुसरा. किती सरकायचं? वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. तीस मीटरवरच्या झाडासाठी एक मीटर. मग दोन्ही फोटो अदलाबदल करून, डावा उजवीकडे नि उजवा डावीकडे, शेजारी ठेवून डोळे तिरळे करायचे. मी तिरळेपणा करत उभी राहिले. धावत येणारा एक माणूस मला बघून वाट सोडून गेला. आणि अचानक झाड मागच्या पाण्यापासून सुटून पुढे आलं.

परतीच्या विमानात डावीकडची खिडकी मिळाली. उड्डाण उत्तरेला झालं, खाली सॅन ब्रूनोचा डोंगर. तीन किलोमीटरला शंभर मीटर, असा हिशेब केला. विमान सेकंदाला साधारण ऐंशी मीटर जात असावं. म्हणजे एक फोटो, सेकंद मोजायला ‘एक हजार एक’ म्हणायचं, जरा थांबून दुसरा. दुसरा डावीकडे, पहिला उजवीकडे ठेवला आणि डोळे तिरळे केले. डोंगर मोबाइलच्या काचेतून टेकडीच्या खेळण्यासारखा वर आला, घरं त्याच्या उतारावर टोचून बसवलेली.

“तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं. मी फोन त्यांच्या हातात दिला.