पोट नसलेला होलोटाइप

संग्रहालयाकडून फोटो आले आणि आमचा शोधनिबंध तिथंच अडला. होलोटाइप म्हणजे प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो. ज्या जुन्या होलोटाइपशी आमची माशी ताडून पाहायची, त्याला पोटच नाही. वक्ष, एक पंख, थोडे पाय. बाकीचं संग्रहात शिरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी कधीच फस्त केलंय.

लोकांना वाटतं, नवी प्रजाती घनदाट जंगलातच मिळते. 2015 मध्ये नुसत्या लॉस एंजेलिस शहरातून मेगासेलिया या माश्यांच्या जीनसच्या, म्हणजे प्रजातींच्या गटाच्या, 30 नव्या प्रजाती वर्णिल्या गेल्या. माशी मिळते हो. ती आधी कुणी नोंदवलेली नाही हे दाखवताना घाम फुटतो.

मेगासेलियात 1,600हून जास्त प्रजाती. इवल्याशा, पाठीला कुबड, बाहेरून जवळपास सारख्याच. म्हणून नराच्या पोटाचं टोक कापून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचं. स्नायू विरघळतात, कायटिन उरतं. मग ग्लिसरीनच्या थेंबात बारीक सुईनं ते फिरवत सगळ्या बाजूंनी बघायचं आणि चित्र तेव्हाच काढायचं, कारण कव्हरस्लिप ठेवली की सगळं चपटं. आमच्या नराच्या एपँड्रियमवर, म्हणजे जननांगाच्या पाठीकडच्या कवचावर, डावीकडेच एक जाड राठ केस आहे. प्रत्येक नरात, डावीकडेच! त्या चित्रावर मी खुशाल मिरवेन.

पण जुनं वर्णन मादीचं, नराच्या या खुणेशी ताडायला काहीच नाही. पिवळसर, पाय फिके, पंख पारदर्शक, संपलं. चित्र काढायचे कष्ट त्या गृहस्थांनी घेतले नाहीत. पंखाच्या पुढच्या कडेच्या कोस्टा शिरेचं पंखाच्या लांबीशी गुणोत्तर जुळतं, पण ते कितीतरी प्रजातींशी जुळतं.

सहकारी म्हणतो, "डीएनए बारकोड वेगळा आलाय, नाव देऊन टाका." बारकोड म्हणजे प्रजाती ओळखायला वाचलेला डीएनएचा छोटा तुकडा. पण वेगळा कुणापेक्षा? डेटाबेसमध्ये आहेत त्यांच्यापेक्षा. ही जुनी प्रजाती त्यात नाहीच. होलोटाइपचा पाय डीएनएसाठी मागितला, तर संग्रहालयानं नकार दिला. त्यांच्या जागी मीही पाय दिला नसता. होलोटाइप पूर्ण हरवला असता तर निओटाइप, म्हणजे त्याच्या जागी दुसरा नमुना, नेमायची वाट तरी होती. हा अर्धामुर्धा उरलाय, म्हणून प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाकडे अर्ज करावा लागेल.

एक धागा आहे. आमच्या माशीच्या वक्षाच्या बाजूचा मेसोप्लुरॉन बोडका आहे. होलोटाइपची उजवी बाजू डिंकात बुडालीय, म्हणून डावीचा फोटो मागवलाय. तिथं केस दिसले, तर आमची माशी नक्की वेगळी. नाही दिसले, तर अर्ज खरडायला बसायचं.