कव्हर फोडून काढलेल्या हार्ड डिस्क

घरच्या एनएएससाठी (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणाऱ्या साठवणुकीच्या खोक्यासाठी) ८ टीबीच्या दोन डिस्क हव्या होत्या. सेलमध्ये तेवढ्याच क्षमतेची एक्स्टर्नल डिस्क इंटर्नलपेक्षा बरीच स्वस्त दिसली, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या आणि फोडल्या. युक्ती जुनीच. २०११ च्या थायलंडच्या पुरानंतर डिस्कचे भाव कडाडले, तेव्हा बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीनेही दुकानादुकानांतून एक्स्टर्नल डिस्क गोळा करून आपल्या सर्व्हरमध्ये बसवल्या होत्या.

कव्हरला स्क्रू नसतात, आतून खटके असतात. जुनी एटीएम कार्डं फटीत सरकवत उघडलं, तरी एक खटका तुटलाच.

पहिली डिस्क पीसीत जोडली तर फिरेचना. आवाज नाही, बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) नाव नाही. परत कव्हरातल्या तिच्याच यूएसबी कार्डावर (डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या छोट्या सर्किटवर) लावली की ठणठणीत! भानगड होती पॉवरच्या तिसऱ्या पिनेची. सॅटा, म्हणजे पीसीत डिस्क जोडायची पद्धत; तिच्या पॉवर कनेक्टरच्या १५ पिनांपैकी पहिल्या तीन पूर्वी ३.३ व्होल्टसाठी होत्या. नव्या नियमांत तिसरीला वेगळं काम दिलंय: तिथे व्होल्टेज आला की डिस्कने बंद राहायचं. डेटा सेंटरमध्ये लांबून डिस्क रीसेट करायला ते सोयीचं. माझा जुना एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) मात्र तिथे इमानेइतबारे ३.३ व्होल्ट पाठवत होता. मोबाइल रिपेअरवाल्याकडून कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी पातळ टेप) आणून त्या पिना झाकल्या, मग गाडी सुरू झाली. मोलेक्स (जुन्या पद्धतीचा चार पिनांचा पॉवर कनेक्टर) ते सॅटा कन्व्हर्टरनेही हे जमतं, कारण त्यात ३.३ ची वायरच नसते. पण एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले स्वस्त कन्व्हर्टर आतल्या आत शॉर्ट होऊन जळतात, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही.

यूएसबीवर असताना चाचणीसाठी टाकलेल्या फाइली आता दिसत नव्हत्या. विंडोज फॉरमॅट करायला सांगत होतं. काही मॉडेलांत यूएसबी कार्ड पासवर्ड नसतानाही डेटा एनक्रिप्ट करतं, ही त्यातलीच. त्यामुळे आधी डेटा भरून मग डिस्क फोडायचा बेत असेल तर विसरा.

दुसरी डिस्क लगेच चालू झाली, पण निघाली एसएमआर, म्हणजे ट्रॅक दाटीने बसवून जागा वाढवलेली. तिच्यातले ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सुरुवातीला जोरात चाललेली कॉपी, डिस्कमधली झटपट लिहायची राखीव जागा भरल्यावर अक्षरशः रांगायला लागली. रेडमध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत) डिस्क बदलून रीबिल्ड करायची, म्हणजे तिच्यावर सगळा डेटा नव्याने लिहायची वेळ आली, तर हेच दुखणं कितीतरी पटीने वाढतं. आणि हे खोक्यावर कुठे छापलेलं नव्हतं.

मित्राला त्याची खिशात मावणारी छोटी डिस्कही फोडून हवी होती. तशातल्या बऱ्याच डिस्कना सॅटा कनेक्टरच नसतो, यूएसबी थेट सर्किटवर असते. त्याला नकोच म्हटलं.

वॉरंटीसाठी दोन्हींचे सिरियल नंबर वेबसाइटवर टाकून पाहिले. नोंद एक्स्टर्नल म्हणून, म्हणजे बिघडली तर कव्हरसकट द्यायची. तुटका खटका धरून दोन्ही कव्हरं माळ्यावर ठेवली आहेत. एसएमआरवाली आता फक्त सिनेमे साठवते, रेडसाठी तिच्या जागी एनएएसची डिस्क पूर्ण किमतीला घेतली.